नाही म्हणणाऱ्याच्या घरी चहा

रेहाना,

लोक म्हणताहेत, विश्वासच बसत नाही. माझा बसलाय. तुला घरातून नेलं तेव्हा मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीपाशी उभी होते. कब्रस्तानात बायका जात नाहीत हे मला ठाऊक होतं, तरी चपला घालून तयार होते. म्हटलं, चुकून कोणी हाक मारलीच तर. कोणी मारली नाही. मी आणलेली गुलछडी तुझ्या नणंदेने आत नेली आणि तुझी माणसं तुला घेऊन झपाझप निघून गेली. तुमच्यात जनाजा रेंगाळत नेत नाहीत, हे तूच मला सांगितलं होतंस. "मंदे, जन्मभर बैठकीला उशिरा पोचले, तिथे तरी वेळेत जाईन," असंही म्हणाली होतीस. वेळेच्या बऱ्याच आधी गेलीस बाई.

आपल्या फेरीवाल्यांच्या संघटनेची सगळी निवेदनं मी लिहिली. बारावी झालेली मी एकटीच होते, म्हणून तू मला लेखिका म्हणून चिडवायचीस. 'माननीय महोदय' पासून 'आपले नम्र' पर्यंत सगळं मला झोपेतही लिहिता येतं. त्याच सवयीने आज हे लिहायला बसले आहे. याची पोच मिळणार नाही. तशी त्या निवेदनांची तरी कुठे धड मिळत होती म्हणा.

तू कुठे जन्मलीस, शाळा किती शिकलीस, हे काही मी लिहिणार नाही. ते पेपरात येतं, आणि बांगड्या विकणारीबद्दल पेपरात काही येत नसतं. मला कॅनॉलच्या रस्त्यावरचा आपला बाजार आठवतोय. मखमलाबाद-गिरणाऱ्याकडून भाजी घेऊन येणारी आमची माणसं एका बाजूला, फळांच्या गाड्या लावणारी यूपीची पोरं दुसऱ्या बाजूला, मधे माझी फुलं, तुझ्या बांगड्या, आणि अगदी टोकाला, कचराकुंडीशेजारी, पेठकडून आलेली तुळसाबाई तिच्या रानभाज्या आणि करवंदं घेऊन. वर्षानुवर्षं आपण एकमेकांना सुट्टे द्यायचो, एकमेकांचा माल राखायचो, आणि संध्याकाळी आपापल्या वस्तीत निघून जायचो. कोण कुठे राहतं हे कोणाला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची कोणाला गरजही वाटत नव्हती. मला तर नव्हतीच.

संघटना काढायची म्हणून पहिली बैठक झाली ती बंद पडलेल्या लॉन्ड्रीच्या ओट्यावर. विषय काय होता, तर बाजार उठल्यावर झाडायचं कोणी. दगूभाऊ आमच्यातले मोठे, वांगी-टोमॅटोवाले, आवाजही मोठा. त्यांनी लगेच फर्मान काढलं, "हात वर करा, ज्यांची संख्या जास्त त्यांचं खरं." तू बांगड्यांच्या पेटीवर बसली होतीस. म्हणालीस, "भाऊ, हात वर करून हरलेला माणूस उद्या आपल्याच शेजारी पाल टाकून बसणार आहे ना? मग तो कचरा कुठे ढकलेल?"

सगळे हसले. मग तू तुझा नियम सांगितलास. प्रत्येकाला एकेक करून विचारायचं, मोठ्याने. सगळे हो म्हणाले तर निर्णय झाला. जो नाही म्हणेल, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी जायचं. चहा प्यायचा. त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं, मधे बोलायचं नाही. मग त्याला पुन्हा विचारायचं.

मी तुझ्या कानाशी लागून म्हटलं, "वेड लागलंय का तुला? इथे धंदा करायचाय की पाहुणचार?"

"दोन्ही," तू म्हणालीस.

तुझ्या घरचा पहिला चहा आठवतो? तू स्वतःच नाही म्हणाली होतीस, मुद्दाम. तुझ्या दोन खोल्यांत आम्ही दाटीवाटीने बसलो, कप फिरले, आणि दगूभाऊंनी हात आखडला. "मी चहा सोडलाय. पित्त होतं," म्हणाले. तासाभरापूर्वी चौकातल्या टपरीवर त्यांना बशीत ओतून फुर्र करताना सगळ्यांनी पाहिलं होतं. तू त्यांचा कप उचललास आणि स्वतः पिऊन टाकलास. माझं तोंड लाल झालं होतं, कारण ते आमच्यातले होते.

पुढे काही दिवसांनी दगूभाऊ कशाला तरी नाही म्हणाले. त्यांच्या ओसरीवर सगळे जमलो. वहिनींनी ट्रे आणला. तू हात जोडून म्हणालीस, "वहिनी, माफ करा, मी चहा सोडलाय." मग फळवाला यादव म्हणाला, त्यानेही सोडलाय. मग मी. ट्रे सगळ्या ओसरीवरून भरलेला परत गेला. वहिनी बिचाऱ्या दारातच उभ्या, काय झालं त्यांना कळेना. दगूभाऊ खाली बघत मिशी चोळत बसले. दुसऱ्या दिवशी ते एकटे तुझ्या घरी आले आणि उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "रेहानाबाई, टाका घोटभर. साखर जास्त टाका." हे तूच मला नंतर सांगितलंस, आणि कोणाला सांगू नको म्हणालीस. मी बाजारभर सांगितलं.

नियमाची अशी काही चटक लागली होती लोकांना की काही जण नुसते चहासाठी नाही म्हणायला लागले. घरी पाहुणे यावेत, शेजाऱ्यांनी बघावं, म्हणून. झाडूवाल्याला दिवाळीला काही द्यायचं का, एवढ्या साध्या गोष्टीला यादवने नाही म्हटलं, आणि आपण त्याच्या खोलीवर गेलो तर त्याने समोसे तळून ठेवलेले. मी वैतागायचे. तुला सांगायचे, असल्या चालीने आपण शंभर वर्षांत कुठे पोचणार नाही. तू म्हणायचीस, पोचायचंय कुठे?

पण एक दिवस होता, रेहाना, तो मी तुझ्या बाजूने मोजते. अतिक्रमणची गाडी आली आणि यादवची हातगाडी उचलायला लागली. पूर्वी असं झालं की आपण आपापला माल गोळा करून पळायचो. त्या दिवशी सगळ्यात आधी दगूभाऊ जाऊन गाडीच्या पुढच्या चाकाशी बसले. फतकल मारून. साहेब ओरडला, "ओ काका, तुमचा काय संबंध? तुमचा माल उचललाय का?" दगूभाऊ म्हणाले, "मी त्याच्या घरी समोसे खाल्लेत." साहेबाला काही कळलं नाही. आपल्याला कळलं. एकेक करत सगळा बाजार त्या चाकाशी जाऊन बसला. हातगाडी खाली उतरवली गेली. तू माझ्याकडे नुसतं बघितलंस, आणि त्या बघण्याचा मला राग आला होता, कारण तुझं बरोबर होतं.

मग सिंहस्थाची तयारी सुरू झाली. पाहुणे येणार म्हणून शहराने घर आवरायला काढलं. रस्ता रुंद होणार, बाजार उठणार, एवढं पक्कं होतं. महापालिकेच्या ऑफिसातल्या साहेबांनी आपल्याला बोलावून सांगितलं, एक पत्र्याची शेड आहे, तिथे निम्मे लोक बसतील. सगळ्यांची मिळून लेखी संमती सोमवारी संध्याकाळपर्यंत आणून द्या, नाहीतर दुसरी माणसं तयार आहेत. तू वाटेतच तोड काढलीस. निम्म्यांनी आज बसायचं, निम्म्यांनी उद्या. अर्धी भाकरी का होईना, पण सगळ्यांना. मला पटलं. मला पहिल्यांदाच तुझं एवढं लवकर पटलं.

शनिवारी लॉन्ड्रीच्या ओट्यावर बैठक झाली. एकेकाला विचारत गेलीस. हो, हो, हो. दगूभाऊ हो. यादव हो. मी हो. शेवटी तुळसाबाई.

"नाय," तुळसाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने पदर ओढून घेतला आणि म्हणाली, "उद्या नका येऊ. परवा या. घर सारवायचं हाय."

मला हसूही आलं आणि सोमवारची मुदतही आठवली. इतक्या वर्षांत तिच्या घरी आपण कोणीच गेलो नव्हतो, कारण ती कधी नाही म्हणाली नव्हती. कशालाच. टोकाला बसायला लावलं तरी हो, कचरा तिच्या बाजूला लोटला तरी हो. आज तिला सापडला होता मुहूर्त. मी तुला बाजूला घेतलं.

"ती फक्त चहासाठी नाही म्हणतेय, हे तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"मग तिचा अंगठा घेऊ आणि कागद आधी देऊन येऊ. चहा नंतर."

"नाही म्हटलंय ना तिने. मग जाऊ ना चहाला."

मी तुला त्या रस्त्यावर काय काय बोलले ते आता लिहीत नाही. तूही मागे राहिली नाहीस. हिंदीत सुरू झालीस की तुला थांबवणं कठीण.

सोमवारी आपण सगळे सिटी बसने म्हसरूळच्या पुढे गेलो, आणि तिथून चालत. तुळसाबाईची झोपडी कुडाची, वर पत्रा. जमीन अशी सारवलेली की पाय ठेववेना. कडेला ओल अजून दिसत होती, दाराशी तांदळाच्या पिठाची नक्षी होती. आपल्या चपला ती स्वतः वाकून ओळीने लावत होती आणि लावता लावता म्हणत होती, "एवढ्या चपला कधी नव्हत्या माझ्या दाराला." गवती चहाचा वास सुटला होता. कप कुठून कुठून मागून आणलेले, एकाशी एक जुळत नव्हते. चहा म्हणून बोलावलं होतं, पण पुढ्यात नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी आली. नको म्हणायची कोणाची हिंमत होणार? दगूभाऊंनी दोनदा भाकरी मागून घेतली. ती पूर्ण वेळ दारात उभी राहून एकेकाचं तोंड बघत होती. मला घड्याळ बघायची लाज वाटली आणि तरी मी बघत होते.

शेवटी तू विचारलंस, "तुळसाबाई, काय म्हणणं आहे तुझं?"

"काय नाय," ती म्हणाली. "हो हाय माझं. लय हो हाय."

परतीची बस आली नाही. आली तेव्हा उभं राहायला जागा नव्हती. ऑफिसच्या दाराशी पोचलो तर शिपाई कुलूप लावत होता. मंगळवारी सकाळी साहेबांनी आपल्याला खुर्चीसुद्धा दिली नाही. शेड गेली होती. कोणाला गेली, ती माणसं कोण होती, ते आपल्याला नंतर कळलं आणि कळून काही उपयोग नव्हता.

बाजार उठला. यादव गावी निघून गेला, जाताना तुझ्या पाया पडला. दगूभाऊ आता भाजी सरळ मार्केटात अडत्याच्या स्वाधीन करतात आणि तो देईल ते खिशात घालून घरी येतात. मी एका दुकानदारासाठी घरी हार ओवते. तुळसाबाई त्याच रस्त्याच्या कामावर बिगारी म्हणून लागली. आपण जिथे बसायचो तिथे तिने खडी टाकली. मला ती डोक्यावर पाटी घेऊन दिसली तेव्हा मी रिक्षातून तोंड फिरवलं नाही, उतरले, आणि आम्ही दोघी दुभाजकावर बसलो. तिने एकच विचारलं, "रेहानाबाई रागावली का?"

तू रागावली नव्हतीस. तू पेटी उचललीस आणि नव्या सोसायट्यांमधून दारोदार फिरायला लागलीस, भर उन्हाचं. तिथले वॉचमन नाव विचारायचे. नाव ऐकलं की म्हणायचे, आज नको, सेक्रेटरी नाहीत. मग एक दिवस तू माझं नाव सांगितलंस. मंदा. गेट उघडलं. त्यानंतर तू सगळीकडे मंदाच होतीस. मला सांगताना हसत होतीस, "तुझं नाव झिजवतेय मी. भाडं मागू नकोस." मी हसले नाही. मी घरी येऊन दिवसभर भांडी आपटली. ज्या बाईने आख्ख्या बाजाराला एकमेकांच्या घरात नेलं, तिला या शहरात कोणाच्या दारात उभं राहायला माझं नाव घ्यावं लागलं. हे मी कुठल्या निवेदनात लिहू, सांग. कोणत्या माननीय महोदयांना?

आजाराचं नाव डॉक्टरांनी काहीतरी लांबलचक सांगितलं. मी ते पाठ केलं नाही.

शेवटचं भांडण तुझ्या खाटेपाशी झालं. तू रोडावली होतीस, मनगटात बांगडी राहत नव्हती, बांगड्यावालीच्या. भांडायला नको होतं, पण तूच उकरलंस. म्हणालीस, "विचार, विचार. पोटात ठेवू नकोस."

मी विचारलं, "कागद आधी दिला असता तर?"

"तर शेड मिळाली असती."

"कबूल?"

"कबूल. आणि तुळसाच्या घरी आपण कधीच गेलो नसतो. उद्या जाऊ, परवा जाऊ, करत राहिलो असतो. तुला माहीत आहे."

"तिच्या घरी आपण दुपारभर बसलो, रेहाना. शेडमध्ये जन्मभर बसलो असतो. तीसुद्धा बसली असती. आज डोक्यावर खडी वाहतेय ती."

मला वाटलं, आता उत्तर येणार. तुझ्याकडे नेहमी उत्तर असायचं, आणि ते मला चीड आणायचं. पण तू म्हणालीस, "चहा ठेव गं," आणि मी चहा करून आणेपर्यंत तुझा डोळा लागला होता. त्यानंतर पाहुण्यांची गर्दी, नळ्या, औषधं. ते उत्तर राहिलं. मला अजूनही वाटतं की माझंच बरोबर होतं. आणि अजूनही या शहरातून बसने जाताना मला किती घरं आतून माहीत आहेत, कोणाच्या घरी देव कुठे, कोणाच्या घरी कुराण कुठल्या फळीवर, कोण साखर जास्त घालतं, ते आठवतं आणि वाटतं की तू भेटली नसतीस तर मी हे शहर बाहेरून बघूनच मेले असते. दोन्ही खरं आहे. दोन्हीतून काही निघत नाही.

तुझ्या शोकसभेला लॉन्ड्रीचा ओटा नव्हता, तोही रस्त्यात गेला. दगूभाऊंच्या ओसरीवर जमलो. थोडेच होते. वहिनींनी तुझा फोटो ठेवला होता आणि त्याच्यापुढे एक कप. शेवटी दगूभाऊ घसा खाकरून म्हणाले, "आता बाजारच नाय तर संघटना कशाची? पावती फाडायची, बैठक लावायची, कशाला उगं. बंद करू. बाईच्या नावाने बंद करू, मानाने." मग त्यांनी तुझ्या रीतीने एकेकाला विचारायला सुरुवात केली.

हो. हो. हो. एवढ्या वर्षांत एका बैठकीत इतके होकार मी ऐकले नव्हते. कोणी चहासाठीसुद्धा अडलं नाही. तुळसाबाईपाशी आलं तेव्हा मी तिच्याकडे बघत होते, मनात म्हणत होते, म्हण नाय, एकदा म्हण. ती म्हणाली, "हो."

माझी पाळी शेवटची होती. मी नाही म्हटलं.

दगूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि थकलेल्या आवाजात म्हणाले, "बरं मंदाताई. मग उद्या तुमच्याकडं."

मी सकाळी दूध जास्त घेतलं. सतरंजी झटकून घातली. लग्नातलं मोठं पातेलं माळ्यावरून काढलं, आलं ठेचलं, शेजारणीकडून कप आणले. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, निवेदनासारखं, मुद्देसूद. बाजाराचा, तुझा, यादवचा, सगळ्यांचा हवाला देऊन. दुपार झाली. दगूभाऊंच्या मुलाचा फोन आला, अण्णांना बरं नाही. बाकीच्यांचा फोनही आला नाही. मी रागावले नाही, हे तुला खरं वाटणार नाही. माणसांना कामं असतात. आता तर प्रत्येकाला एकट्यालाच सगळं करायचं असतं.

उन्हं उतरताना तुळसाबाई आली. कामावरून सरळ आलेली, केसांत धूळ, हातात करटुल्यांची पिशवी. चपला दाराशी काढल्या आणि माझ्या एकटीच्या चपलांशेजारी नीट लावून ठेवल्या.

"कोनी नाय आलं?"

"नाही."

ती सतरंजीच्या मधोमध बसली, जशी सगळी माणसं आजूबाजूला बसलीत. मी चहा गरम करून दिला. तिने नियम पाळला. मी बोलत होते तोवर एक शब्द मधे बोलली नाही. मी किती बोलले ते मला आठवत नाही. शेडबद्दल बोलले, तुझ्याबद्दल बोलले, वॉचमनबद्दल बोलले, आणि मग मुद्दे संपले आणि मी नुसतीच रडले. तुझ्या जनाज्याला रडले नव्हते ती.

तिने थांबून, माझं झाल्याची खात्री करून घेतली. मग कप खाली ठेवला.

"तुमचं ऐकून घेतलं ना मी?"

"घेतलंस."

"मग आता हो म्हना, ताई. मानसं दमली."

बाहेर भाजीवाल्याची रिक्षा भोंगा लावून गेली, रेकॉर्ड केलेला आवाज, कोणाचा ते माहीत नाही. तुळसाबाई वाट बघत होती, घाई न करता, तू बघायचीस तशी.

मी हो म्हटलं, रेहाना.

तिने दुसरा कप मागून घेतला, पिऊन झाल्यावर दोन्ही कप विसळून पालथे घातले आणि बस गाठायला निघाली. संघटना बंद झाली. तुझ्याच नियमाने झाली, नाही म्हणणाऱ्याच्या घरी चहा पिऊन, सगळ्यांच्या होकाराने. पातेलं अजून ओट्यावर तसंच भरलेलं आहे.